पान कोणी मोडले?

एकदा भर दुपारी एक शिष्या संतापून आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे नाव सुहिता. गुरुजींनी तिला शाळेत विज्ञान शिकवले होते आणि पुढे त्यांचेच पाहून तिने इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग सुरू केला होता. गुरुजी ताऱ्यांविषयी लिहीत, सुहिता गावामागच्या टेकडीविषयी. त्या टेकडीवर दगडखाण होऊ घातली होती. तिथले झरे, गुरे चारणारी माणसे, त्यांची गाऱ्हाणी, सारे तिने ब्लॉगवर साठवले होते. खाणीची जनसुनावणी दुसऱ्याच दिवशी होती आणि नेमका आज ब्लॉग उघडत नव्हता. जिथे टेकडी दिसायची तिथे नुसते पांढरे पान!

"फरीदाने मोडला!" उंबरा ओलांडता ओलांडताच ती म्हणाली. "सकाळी ब्लॉगचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं बटण दाबून मोकळी झाली. मला विचारलंसुद्धा नाही!"

फरीदा तिची मैत्रीण. ब्लॉगवरची निम्मी छायाचित्रे तिनेच उन्हातान्हात हिंडून काढलेली.

"मग?" गुरुजींनी विचारले.

"मग काय? सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा माझ्या कामाला हात लावू नकोस. कॅमेरा उचलून निघून गेली."

गुरुजींनी आपला संगणक उघडला. सुहिता येरझारा घालत फरीदाला, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना, स्वतःच्या नशिबाला बोल लावत राहिली. थोड्या वेळाने तिची नजर पडद्यावर गेली आणि ती जागीच थबकली. गुरुजी स्वतःचा धडधाकट ब्लॉग अपडेट करत होते.

"गुरुजी, तुमचाही जाईल!"

त्यांनी हातानेच तिला थांबवले. ब्लॉगला जोडलेली सगळी लहानसहान साधने त्यांनी आधीच बंद केली होती. अपडेट संपले, पान उघडले. मग ते एकेक साधन पुन्हा सुरू करत गेले आणि दर वेळी पान उघडून पाहत गेले. छायाचित्रांचे साधन सुरू केले, पान ठीक. अभिप्रायांचे सुरू केले, ठीक. तारखा मराठीत दाखवणारे साधन सुरू केले मात्र, पान पांढरेफटक पडले.

"झालं समाधान?" सुहिता जवळजवळ ओरडलीच.

"झालं," गुरुजी म्हणाले. "हेच साधन तुझ्याकडेही आहे. जुनं आहे, नव्या सॉफ्टवेअरशी त्याचं जमत नाही. सर्व्हरवर त्याच्या फोल्डरचं नाव बदल, म्हणजे ते बंद पडेल."

तिने तसे केले. टेकडी पुन्हा दिसू लागली. तारखा तेवढ्या इंग्रजीत आल्या.

"पण हे बसवलं कोणी होतं?" सुहिता उसळली. "तिनेच असणार!"

आता गुरुजींचा आवाज चढला. "पुन्हा तेच! अगं, तुझा ब्लॉग आधीच पडलेला. पडलेल्या भिंतीत पहिली वीट कोणती निसटली ते कळत नाही. म्हणून मी माझ्या ब्लॉगची प्रत बाजूला ठेवली आणि तो डोळ्यांदेखत पाडला. मी दोष शोधत होतो. तू सकाळपासून दोषी शोधते आहेस. दोषी लगेच सापडतो, कारण जो जवळ उभा असेल तो चालतो. दोषासाठी मात्र एकेक गोष्ट दूर सारून, थांबून पाहावं लागतं. तुझा राग खोटा नाही. टेकडी जात असताना राग यायलाच हवा. पण तो उद्या सुनावणीत लागणार होता आणि तू तो आजच आपल्या माणसावर उधळून आलीस."

सुहिताने फरीदाला फोन लावला.

"ब्लॉग सुरू झालेला दिसतोय," पलीकडून धारदार आवाज आला. "नसता झाला, तर केला असतास फोन?"

सुहिताच्या ओठांवर 'हो' आले होते. ते तिने गिळले.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण चुकले मी. उद्या येशील?"

"टेकडीसाठी येईन. तुझ्याशी काय ते नंतर बघू."

फोन बंद झाला. सुहिताला राग आला नाही. पान दुपारभरात परत आले होते, मैत्रीण इतक्या लवकर येणार नव्हती, हे तिला उमगले होते.