विरजण कुणाचं?

ज्यानं सगळं आपलं आपणच मिळवलं, त्यानं कुणाचं नाव घ्यावं, सांगा बरं?

टेकडीवरच्या मठात शिवदासानं मठ सांभाळणाऱ्या गोदाक्कांना हेच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मंडळींपुढे पहिल्यांदाच स्वतःचं पद म्हणणार होता. मठाची रीत अशी, की आधी कानाची पाळी धरायची आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव घ्यायचं. नाव नाही, तर बसायला जागा नाही.

"लहानपणी खालच्या गावात त्या गाणाऱ्या पिराजीच्या ओट्यावर पडलेला असायचास ना?" अक्का म्हणाल्या.

"तो नुसते शब्द जुळवतो, अक्का. माझी कविता मलाच सुचली."

"म्हण बघू."

शिवदासानं पद म्हटलं. कविता म्हणजे दही. दुःख हे दूध, ते त्यानं एकट्यानं तापवलं. छाती हे मडकं. रात्रभर जागून राखण केली ती त्याच्याच धीरानं. वर धरली ती साय... शेवटच्या ओळीला त्याचा आवाज भरून आला. उभा जन्म त्यानं त्या पदात ओतला होता.

अक्का उठल्या. चुलीवरचं कोमट दूध मडक्यात ओतून त्यांनी त्याच्यापुढे ठेवलं.

"लाव दही."

"विरजण?"

"तुझ्या पदात कुठंय?"

शिवदास चुलीपाशी दही शोधू लागला. मग जरा चिडूनच म्हणाला, "मठात चमचाभर दही नसेल?"

"आहे की. पण ते माझं. तू इथं आलास तेव्हा गातच आला होतास, ते मी शिकवलेलं नाही."

"पिराजी द्यायचा नाही," शिवदास खालच्या आवाजात म्हणाला. "जत्रेत मी त्याच्या गाण्याला हसलो होतो. चारचौघांत."

"दिवे लागल्यावर तर कुणीच विरजण देत नाही. ऊन बघ कुठं गेलंय."

शिवदासानं मडकं छातीशी धरलं आणि तो टेकडी उतरला.

पिराजी ओट्यावर सुतळी वळत बसला होता. त्यानं आधी मडकं पाहिलं, मग माणूस.

"काय कविराज? दूध उतू चाललं का?"

"विरजण पाहिजे, दादा."

पिराजीनं सुतळी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठला नि आत गेला. बाहेर अंधारून येत होतं. शेजारच्या घरात दिवा लागला...

आतून पिराजीचा आवाज आला, "अगं, दिव्याची काडी ओढू नकोस! जरा थांब."

बाहेर येऊन त्यानं दह्याचा चमचा मडक्यात बुडवला. "आता हिंदकळू देऊ नकोस. सरळ जा."

शिवदास मठात परतला तेव्हा अक्का दारातच होत्या.

"अक्का, हे विरजणाचं कडवं आत्ताच पदात घालतो."

"आधी लागू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दही घट्ट लागलं होतं. शिवदासानं त्यातलं चमचाभर पुढच्या विरजणासाठी वाटीत काढून ठेवलं, मंडळींपुढे जाऊन बसला आणि कानाची पाळी धरली.