खांद्यावरचं जुनेर

“...ते सगळं खरं, बुवा. पण फडकी किती लागतील, तेवढं सांगा.”

धोंडबुवा मठाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली फडकी?”

“खांद्यावर टाकायची. ढेकर काढायला पोराला उभं धरलं की निम्मं दूध आपल्या खांद्यावर. शेवंता दिवसभर फडकीच धुतेय.”

विचारणारा त्रिंबकशेठ. पेठेतल्या सगळ्यात मोठ्या कापडदुकानाचा मालक. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्याच्या आणि शेवंताच्या घरी पाळणा हलला होता. एक पंचा अंगावर आणि दुसरा दोरीवर, एवढंच कापड असलेल्या माणसाला तो कापडाबद्दल विचारायला आला होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

“तुझ्या दुकानात फडक्यांचा दुष्काळ पडला का?”

“ट्रंक भरून आणलीत. मलमल, दुसूती, टॉवेलचं कापड. कडा शिवून, घड्या घालून. पण...”

“पण?”

“गाल सोलवटलाय पोराचा. फडकं लागतं तिथं लालेलाल. माझ्या खांद्यावर तर पोर टिकतच नाही.” हे शेवटचं तो हळू बोलला.

बुवांनी एक शेंग फोडली.

“नवं कापड. खळ असते त्यात. तान्ह्याला आधी जुनेर, मग नवं. हे तुला मी सांगायचं?”

“धुऊन घेतलीत की सगळी.”

“धुतलं म्हणून कापड जुनं होतं?”

शेठ छाती काढून म्हणाला, “लोकांची विटकी लुगडी नाही लावणार मी माझ्या पोराला. कापडवाल्याचं पोर आहे ते.”

“बरं.”

“बरं काय, बुवा? उपाय सांगा.”

बुवा उठले. खुंटीवरची आपली माधुकरीची झोळी काढली आणि शेठच्या गळ्यात अडकवली.

“आपल्या आळीत फीर. घरोघरी जुनेर माग.”

“मी? झोळी घेऊन?...”

बुवा परत शेंगांकडे वळले.

पोराच्या गालासाठी बाप काय करत नाही? शेठ गेला. पहिल्या दारात त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पण तान्हं घरात आहे हे आळीला ठाऊक होतं. कुणी धोतराचं पान दिलं, कुणी विरलेलं लुगडं. काहीजण गालात हसले, पण रिकाम्या हातानं कुणी पाठवलं नाही. संध्याकाळी तो मठात परतला तेव्हा झोळी फुगलेली होती आणि शेठही.

“ही बघा. सगळ्या आळीचं आणलं. आता तरी आकडा सांगा.”

बुवांनी झोळीत हात घालून कापडं चाचपली.

“सगळ्या आळीचं?”

“हो.”

“एक घर राहिलं.”

शेठनं तोंड फिरवलं.

ते घर दगडूचं, त्याच्या धाकट्या भावाचं. दोन्ही घरांत एकच भिंत. वाटणीच्या वेळी आई म्हणाली, ‘मी धाकट्याकडे राहीन,’ आणि त्या दिवसापासून शेठनं तो उंबरा ओलांडला नव्हता. पोर झाल्याचे पेढे त्यानं नोकराच्या हाती धाडले. आईला नातू बघायला बोलावलं नाही. वाईट केलं त्यानं, आणि आळीत कुणी ते त्याला तोंडावर सांगितलं नाही.

“तिनं निवडलं, बुवा. मी नाही.”

“मी घराचं विचारतोय. तू कुणाचं सांगतोयस?”

“पोराचा गाल कसा आहे?” बुवांनी विचारलं.

“तसाच.”

बुवांनी झोळी पायरीवर उलटी केली. रिकामी झोळी परत त्याच्या गळ्यात घातली.

“हे राहू दे इथं. तेवढं घर करून ये. मग सांगतो आकडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ भावाच्या दारात उभा राहिला. दार आईनंच उघडलं. तिनं झोळी पाहिली, त्याचं तोंड पाहिलं.

“थांब,” म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली ती फडक्यांची चळत घेऊन. तिच्याच लुगड्यांची. मापात फाडलेली, हातानं कडा दुमडून शिवलेली, पुन्हा पुन्हा धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली.

“भिंतीतून ऐकू येतं रे सगळं,” ती म्हणाली. “दूध पाजलं की लगेच आडवं करता तुम्ही त्याला. ढेकर पुरता निघू द्यावा. तूही असाच दूध टाकायचास.”

“कधी केलीस ही?”

“शेवंताला दिवस गेले तेव्हापासनं.”

“मग धाडली का नाहीस?”

“मागायला येशील म्हटलं.”

शेठला रडू आवरेना. चळतीतलं वरचं फडकं त्यानं उचललं आणि आईच्या खांद्यावर टाकलं.

“चल,” म्हणाला.

पोराचा गाल निवल्यावर तो झोळी परत द्यायला मठात गेला. सदऱ्याच्या खांद्यावर एक जुनेर तसंच राहिलं होतं, दुधानं ओलं. त्याला त्याचं भान नव्हतं.

बुवांनी आळीच्या कापडांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

“त्या घरचं आणलंस?”

“आणलं.”

“किती निघाली?”

दुकानात चिंधीचाही हिशेब ठेवणारा माणूस तो. तोंड उघडलं, आठवून पाहिलं...

“मोजली नाहीत, बुवा.”

बुवांनी झोळी खुंटीला लावली.

“मग पुरतील.”