खणात न बसणारा दगड

एकदा एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी दगडांची विद्या शिकवणारे एक वृद्ध आचार्य राहत होते. या विद्येची पदवी तिथली पंडितसभा देत असे. सभेपाशी चार खणांचे एक सुबक कपाट होते. पहिल्या खणात काळा बेसाल्ट, दुसऱ्यात करडा अँडेसाइट, तिसऱ्यात फिकट डेसाइट आणि चौथ्यात जवळजवळ पांढरा रायोलाइट. उमेदवाराने आपण आणलेला दगड योग्य खणात ठेवला, की तो पंडित. जो दगड कुठल्याच खणात बसत नसे, तो अपात्र ठरवून मागच्या अंगणात टाकण्याची प्रथा होती. त्यामुळे कपाट फार नीटनेटके राहिले होते. मागचा ढीग छपराला टेकला होता; पण त्या बाजूला सभेने खिडकी ठेवली नव्हती.

आचार्यांच्या शिष्येची पाळी आली.

"माझा दगड पहिल्या आणि दुसऱ्या खणाच्या मधला आहे," ती म्हणाली.

"मध्ये फळी आहे, बाई," सभापती म्हणाले. "हा मागे टाका आणि चांगला काळाभोर घेऊन या. सगळे तोच आणतात."

"मग मी डोंगर चढले कशाला?"

"पदवी हवी आहे ना?"

हवी होती. पदवीवाचून त्या राज्यात शिकवण्यास मनाई होती, आणि तिला शिकवायचेच होते. तिने आचार्यांकडे पाहिले.

आचार्य उठले. त्यांनी चारही खण ओढून काढले आणि अंगणात नेऊन सरळ उपडे केले. मग त्यात ढिगातले दगड मिसळून ते सर्वांत काळ्यापासून सर्वांत फिकटापर्यंत एक ओळ लावू लागले. शिष्याही वाकली.

"अहो आचार्य, वय झालं तुमचं!" सभापती ओरडले.

"झालं. म्हणूनच घाई आहे."

ओळ पुरी होताच आचार्यांनी सभापतींच्या हाती खडू दिला. "बेसाल्ट संपतो तिथे रेघ मारा."

सभापती वाकले. एक दगड पुढे गेले, दोन मागे आले आणि तसेच वाकून राहिले.

तेव्हा आचार्य म्हणाले, "डोंगराच्या पोटात शिलारस निवतो, तेव्हा जड, गडद खनिजांचे स्फटिक आधी तळाशी बसतात. आपल्या डोंगराच्या रसात पाणी मुरलेले आहे, म्हणून लोहही स्फटिकांत जाऊन लवकर रसाबाहेर पडते, साचून राहत नाही. उरलेल्या रसात सिलिका, म्हणजे वाळूतले मुख्य द्रव्य, वाढते. तो फिकट आणि चिकट होत जातो. ज्या टप्प्यावर तो बाहेर येईल, तसा दगड. ही सगळी एकच मालिका, तिचे नाव कॅल्क-अल्कलाइन. तिचे चार भाग आपण पाडले."

"म्हणजे नावे खोटी?" सभापतींनी विचारले.

"नावे हवीतच, नाहीतर बोलणार कसे? पण रेघ आपण मारली आहे. तिच्यासाठी डोंगराला नापास करू नका."

सभापतींनी कंबर सरळ केली. "नियम तो नियम. पदवी मिळणार नाही."

"राहू द्या," शिष्या म्हणाली. ती ओळीच्या काळ्या टोकाशी मांडी घालून बसली आणि रांगेतल्या उमेदवारांना तिने हाक मारली, "ज्यांना समजून घ्यायचं आहे, त्यांनी इकडे या."

"शिकवायला मनाई आहे!"

"मग अडवा."

तिला अडवायला कोणी पुढे झाले नाही. थोड्या वेळाने रांगेतला एक उमेदवार अंगणात येऊन तिच्यासमोर बसला. "बाई, सर्वांत आधी काय तळाशी बसतं?"

तिने काळ्या दगडातला एक हिरवट कण त्याला दाखवला आणि पहिला धडा सुरू झाला.