दुपार टळल्यावर आलेली झोळी

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांचा एक शिष्य होता. बुद्धिमान, कष्टाळू आणि स्वतःच्या बुद्धीवर अंमळ खूश. हा दोष ज्याच्यात मुळीच नसेल, त्याने ही कथा खुशाल इथेच सोडावी. मी तर पुढे सांगणारच, कारण ही सांगताना माझ्याच अंगात उत्साह संचारतो.

शिष्याने गुरूंच्या औषधालयाला शिस्त लावली. नाडी सकाळी, उपाशीपोटी पाहावी असे शास्त्र. म्हणून त्याने नियम केला, की सूर्य डोक्यावर आला की दार बंद. उशिरा येणाऱ्याने दुसऱ्या दिवशी यावे. दारावर एक राखणदारही बसवला. गोंधळ थांबला. आलेला जवळजवळ प्रत्येक रोगी बरा होऊन जाऊ लागला. कीर्ती ऐकून लाकडाचा एक मोठा व्यापारी आपण होऊन आला आणि म्हणाला, "इथे प्रशस्त दालन बांधू. सागवान माझं, सुतार माझे!"

शिष्याला आकाश ठेंगणे झाले. धावतच तो गुरूंकडे गेला.

"गुरुजी, आपल्या विद्येचं चीज झालं! खालच्या गावांत आता आजारी शोधून सापडत नाही. आणि वर पठारावरच्या पाच वाड्यांतून तर कुणी येतच नाही. स्वच्छ हवा, नाचणीची भाकरी! त्या लोकांना वैद्य लागतोच कशाला?"

"असं म्हणतोस?" वैद्य एवढेच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधांची पिशवी कमरेला बांधली आणि वनस्पती आणायला म्हणून पठार चढून गेले.

पायाभरणीचा दिवस उजाडला. अंगणात सागवानाच्या गाड्या उभ्या, व्यापारी जरीचा फेटा बांधून हजर, नारळ तयार. गुरुजी तेवढे आले नव्हते. इतक्यात पठारावरचा एक माणूस धापा टाकत अंगणात शिरला. त्याचे नाव राघू.

"धाकलं वैद्य, बिगीनं चला! वैद्यबाबांना ताप भरलाय. अंग निसतं भाजतंय. मला म्हनले, माझ्या शिष्याला बोलीव, मला खाली औषधालयात न्या म्हनावं."

 फुलांची परडी तिथेच टाकून शिष्य राघूबरोबर डोंगर चढू लागला. धावला, घसरला, गुडघे फुटले, पण थांबला नाही. वरच्या टोकाच्या वाडीत पोचला तेव्हा उन्हाचा चटका बसू लागला होता. गुरुजी घोंगडीत गुरफटून पडले होते. हाताला हात लावताच शिष्याचा धीर सुटला.

"गुरुजी, मी आलोय. दुपारच्या आत तुम्हाला खाली नेतो!"

बांबूला घोंगडी बांधून झोळी झाली. वाडीच्या दोघा गड्यांनी खांदा दिला आणि निघाले. पण कोसभर गेल्यावर एका खुणेच्या दगडाशी त्यांनी झोळी अलगद खाली ठेवली.

"थांबलात का? चला, चला!" शिष्य ओरडला.

"आमची हद्द हितवर," एक गडी शांतपणे म्हणाला. "फुडं खालच्या वाडीची पाळी. त्यांनी खांदा द्यायचा."

"अहो, गुरुजी मरणाच्या दारात आहेत! हद्द कसली धरून बसलात?"

"दादा, त्यांची पाळी आमी मोडली, तर उद्या आमचा मानूस ते उचलत्याल का? पाळी हाय म्हनून तर आजारी मानूस खालपातुर जातो."

 खालच्या वाडीचे गडी रानात होते. त्यांना हाका मारून आणीपर्यंत सूर्य डोक्यावर आला. त्यांनी झोळी पुढच्या हद्दीवर आणून ठेवली, तर तिसऱ्या वाडीची माणसे बाजाराला गेलेली. झोळी झाडाखाली टेकलेली आणि शिष्य तिच्याभोवती येरझारा घालतो आहे. शेवटी त्याने स्वतःच बांबूचे एक टोक उचलले. त्याला तरी कुठली आली हद्द! दुसरे टोक राघूने घेतले.

"निरोप्याला हद्द नसती," तो म्हणाला आणि खोकला दाबून चालू लागला.

ओढा आला. दगड निसरडे. शिष्याचा खांदा सोलवटून रक्त आले. "गुरुजी, थोडंच राहिलं," असे तो दर वळणावर म्हणत होता आणि झोळीतून हूं की चूं ऐकू येत नव्हते. चौथी वाडी, पाचवी वाडी. तिथे बदली खांदे देणारे भेटले, पण शिष्य बांबू सोडीना. औषधालयाच्या दाराशी पोचले तेव्हा सूर्य डोंगराआड चालला होता.

दार बंद. राखणदाराने धुळीने माखलेल्या त्या माणसांकडे पाहिले आणि घोकलेले वाक्य म्हटले, "दुपार टळली. उद्या सकाळी उपाशीपोटी या."

"मूर्खा, मी आहे! झोळीत गुरुजी आहेत!"

राखणदाराची बोबडी वळली. "पण... आपणच तर सांगितलं होतं..."

तेवढ्यात झोळी हलली. घोंगडी बाजूला सारून वैद्य उठून बसले. चेहरा टवटवीत! नारळ हातात धरून दिवसभर ताटकळलेला व्यापारी दोन पावले मागे सरकला. शिष्याने गुरूंचा हात धरला. ताप नव्हता. आनंदाने तो हसू लागला, मग रडू लागला आणि मग त्याला रागही आला.

"गुरुजी! म्हणजे हे सोंग होतं?"

"सोंग नव्हतं. ताप खरा होता," वैद्य म्हणाले. "तू येण्याआधीच मी पिशवीतली मात्रा घेतली होती. तिसऱ्या वाडीपाशी घाम फुटला, ताप उतरला. पण रस्ता तुला पुरा दिसावा, म्हणून मी गप्प पडून राहिलो. तुझ्या खांद्याला त्रास दिला, त्याची क्षमा कर. आता सांग, मला कुणी बरं केलं? या औषधालयाने? मी इथे पोचलो तेव्हा ते बंद होतं. मला बरं केलं ते कमरेच्या पिशवीने, कारण ती माझ्या उशाशी होती. आलेले बरे झाले, हे तू बरोबर मोजलंस. जे निघाले आणि पोचले नाहीत, त्यांना तू निरोगी समजलास."

 शिष्य एकाएकी व्यापाऱ्याकडे वळून उत्तेजित स्वरात म्हणाला, "शेठजी, दालन नको! त्या सागवानाच्या औषधपेट्या करू. पाच वाड्यांत पाच पेट्या, आणि प्रत्येक वाडीतला एक जण मी शिकवून तयार करतो. एकेका वाडीत मी स्वतः जाऊन बसेन!"

"पण गाड्या वर चढायच्या कशा?" व्यापारी चाचरत म्हणाला.

"मी खांदा देईन," शिष्य म्हणाला, आणि व्यापाऱ्यालाही हसू फुटले. नारळ तिथेच, झोळीसमोर फुटला.

राघू मात्र जायला निघाला होता. शिष्याने त्याला थांबवले. "तुझा खोकला मी वाटभर ऐकतोय. किती दिवसांचा आहे?"

"वरीस झालं की."

"मग एकदाही आला नाहीस?"

राघू संकोचला. "दोनदा आलो व्हतो, दादा. दोन्ही बारीला दुपार टळली व्हती."

 शिष्याने राघूला पायरीवर बसवले, स्वतः त्याच्या पायाशी जमिनीवर बसला आणि त्याचे मनगट हातात घेतले. अंधारून येत होते. राघूने सकाळपासून काय खाल्ले होते आणि काय नाही, हे त्याने विचारलेही नाही. डोळे मिटून तो बोटांखालची गती ऐकत राहिला. दुपार टळून गेली होती, तरी नाडी अगदी स्वच्छ लागत होती.