सज्ज्यातल्या अर्काचा चोर

"अर्क कुठं गेला, सोनबा? बरणीत नुसतं पाणी निघालं!" हंबीरराजे गरजले.

राजवैद्यांनी महिनाभर खपून हरळी मारणारा अर्क काढला होता. राजबागेत तो शिंपला, तर हरळी मरायचं सोडून दुप्पट माजली! शिंपणारा म्हातारा माळी सोनबा. त्यामुळे आळ त्याच्यावरच आला, की यानं अर्क विकून पाणी भरलं.

"पंधरा दिवसांत चोर समोर उभा करा, नाहीतर सोनबा हद्दपार!" राजांनी हुकूम सोडला.

सोनबाची लेक भिवरा पुढं झाली. "सरकार, शिंपण्याआधी अर्क कुठं होता?"

"सज्ज्यात! नवी वस्तू आठ दिवस सज्ज्यात मांडायची, रयतेनं पाहायची, मगच वापरायची. रीतच आहे आमची!"

"काचेच्या बरणीत? दिवसभर उन्हात?"

"मग काय रांजणात लपवायची? झळाळायला नको?"

भिवरानं वैद्यांच्या रांजणात उरलेल्या अर्कानं काचेच्या दोन बरण्या भरून घेतल्या. झाकणांवर राजांच्याच हातानं मोहोर मारून घेतली. दोन्ही बरण्या सज्ज्यात शेजारी ठेवल्या आणि राजांचेच पहारेकरी बसवले. एका बरणीला मात्र तिनं काळं घोंगडं गुंडाळलं.

"हिला थंडी वाजते का गं?" पहारेकरी फिदीफिदी हसले.

बापाच्या काळजीनं पोरीचा जीव टांगणीला लागला होता, पण जीभ शाबूत होती. "तुमच्यासारखी उघड्यावर घोरायची सवय नाही तिला!"

आठ दिवसांनी मोहोर राजांनीच फोडली आणि अर्कही राजांनीच हरळीच्या दोन वाफ्यांवर ओतला. पाच दिवसांत घोंगड्यातल्या अर्कानं एक वाफा पार जाळून टाकला. दुसरा मात्र हिरवागार!

सज्ज्यालगतच्या दालनात दरबार भरला. राजे चक्रावले होते. "मोहोर आमची, पहारा आमचा. मग चोर शिरला कुठून?"

भिवरानं सज्ज्याचा पडदा सर्रकन ओढला. ऊन थेट राजांच्या डोळ्यांवर आलं.

"हा बघा चोर! वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग खातो, तो अर्काची ताकद सोडेल होय?"

"अगं, पण सूर्याला बेड्या कशा घालू?"

"त्याला नकोत, सरकार. तो बिचारा रोजच्या वाटेनं आला. बरणी त्याच्या पुढ्यात नेऊन ठेवणाऱ्या साथीदाराला मात्र शिक्षा हवी!"

साथीदार कोण, हे राजांना कळायला अंमळ वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "शिक्षा काय?"

"एक वाफा हरळी खुरपायची. स्वतः!"

राजे इतके हसले की पगडी मांडीवर पडली. सोनबा तिथल्या तिथं सुटला. भिवराला सोन्याचं कडं आणि राजबागेचा कारभार मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजे खुरपं घेऊन वाफ्यात बसले. हरळीपेक्षा मोगराच जास्त उपटला म्हणे!