नखाची खूण

गावोगाव घोडे होते, त्या काळातली गोष्ट. खोगिराच्या पट्ट्यांवर ठशाने फुलं उठवणाऱ्या सटवाजीपुढे एकाच कातड्याचे दोन तुकडे होते, एक पाठीचा, दुसरा पोटाचा.

सटवाजीने दोघांवर ओलं फडकं फिरवलं. पोटाचा तुकडा घटाघटा पाणी प्याला. पाठीचा पुटपुटला, "आधी पाणी पाजतोय. यात नक्की काहीतरी डाव आहे." आणि थेंबाथेंबाने प्याला.

मग सटवाजीने दोघांत अंगठ्याचं नख दाबलं.

"आणखी दाबा, मालक," पोटाचा म्हणाला.

"कशासाठी, ते आधी सांगा," म्हणत पाठीचा आखडला. नख जेमतेम उमटलं.

"असाच संशय घेत राहिलास तर अस्तराला जाशील," पोटाचा हसला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तुकडे वाळले होते. पोटाच्या तुकड्यावरची खूण पुसली होती. त्यावर आता रात्री अंगावर पडलेल्या दोरीचा वळ होता. पाठीच्या तुकड्यावर मात्र नखाची बारीक कोर तशीच होती.

सटवाजीने पोटाचा तुकडा अस्तरासाठी बाजूला ठेवला. पाठीचा पुन्हा ओलावला, त्यावर ठसा टेकवला आणि हातोडी उचलली.

"थांबा," तो तुकडा म्हणाला, "कुठलं फूल काढताय, ते आधी दाखवा."