उभेवाडीचा शंभरावा माणूस

उभेवाडी डोंगरावरून उठवायची, असं विजयदेव राजांनी ठरवूनच टाकलं होतं. चैत्री पौर्णिमेला राज्यभर शिरगणती व्हायची होती. सूर्य उगवताना जो ज्या गावात असेल, तो त्या गावचा. ज्या गावात शंभर माणसं भरणार नाहीत, ते मोडून खाली सपाटीवर वसवायचं. उभेवाडीत माणसं होती सदतीस.

गावानं राजांकडे गोजराला पाठवलं. नाचणी पिकवणारी साधी बाई, पण मोठ्या माणसापुढे तिची जीभ अडखळत नसे.

राजांनी नकाशा ओढून उभेवाडीवर अंगठा ठेवला. "बघ, अख्खं गाव अंगठ्याखाली झाकलं. एवढ्याशा जागेसाठी भांडायला आलीस?"

"महाराज, माझ्या लुगड्याच्या निऱ्या मुठीत मावतात, म्हणून लुगडं मूठभर होत नाही. ते नऊ वारच राहतं. आमच्या जमिनीलाही देवानं निऱ्या घातल्यात. कागदावर दिसत नाहीत, पायांना कळतात."

कारभारी अनंतपंत खोकल्याच्या निमित्तानं हसले. राजांना ते झोंबलं.

"मी सपाटीवरची चार गावं एका दिवसात पायी फिरतो."

"मग आमचं एकच फिरा. खालच्या वावरापासून वरच्या कुरणापर्यंत. दिवस मावळायच्या आत परत घाटाखाली पोचलात, तर आम्ही आपणहून गाव सोडू."

"कधी येऊ?"

"चतुर्दशीला या, महाराज. लवाजमा घेऊन या. आमच्याकडे पाहुणे फार येत नाहीत."

चतुर्दशीला राजे आले. शिपाई, भोई, आचारी, छत्र धरणारा, सगळेच धापा टाकत वर आले. गोजरा प्रत्येकाच्या हाती ताकाचा पेला देत होती आणि मनातल्या मनात मोजत होती.

वावरं जिन्यासारखी एकावर एक चढलेली. एका घराच्या अंगणातून खालच्या घराचं छप्पर दिसे. दुपारी राजे जेमतेम बाराव्या घरापर्यंत पोचले, कुरणावर टेकले तेव्हा सूर्य समोरच्या डोंगराला लागला होता. उतरताना त्यांचे गुडघे लटपटू लागले.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या दोन निऱ्या राहिल्यात, महाराज. मग घाट."

राजे गोजराच्या ओसरीवर जे बसले ते उठलेच नाहीत. एक भोई मात्र घरच्या ओढीनं वाटेला लागला. गोजरा धावत जाऊन त्याला परत घेऊन आली. तिनं त्याच्यापुढे गरम भाकरी आणि कुळथाचं पिठलं ठेवलं. तो जेवला आणि तिथंच आडवा झाला.

पौर्णिमेच्या सकाळी सूर्य वर आला. हुकूम म्हणजे हुकूम! अनंतपंतांनी वही उघडली आणि अंगणाअंगणांत फिरून माणसं मोजली. परत येऊन ते ओसरीसमोर उभे राहिले.

"गावचे सदतीस. आपले बासष्ट, मला धरून. नव्याण्णव झाले, महाराज. एक कमी."

राजे गुडघे चोळत हसले. "थोडक्यात हुकलं गं, बाई."

गोजरा शांतपणे म्हणाली, "पंत, ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेत, त्यांना का नाही मोजलं? सूर्य उगवला तेव्हा ते कुठं होते?"

पंतांनी राजांकडे पाहिलं. राजांनी घोंगडीकडे पाहिलं. मग ते असे हसले की गोठ्यातली गाय दचकून उठली.

"लिहा पंत, शंभर. उभेवाडी जागच्या जागी राहील."

पंतांनी नाव लिहिलं आणि लेखणी थांबवली. "महाराज, यात धंदाही लिहायचा असतो. इथं राज्य करणं असं लिहून कसं चालेल?"

"गोजरा, तूच सांग. तुमच्या गावात मी काय काम करतो?"

"अजून काहीच येत नाही असं लिहा, पंत. पण आमच्याकडे दरसाल घरटी एक माणूस घाटवाट दुरुस्तीला येतो. तिथं शिकतील."

राजांना हसू आवरेना. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून गोजराच्या हाती ठेवला. आणि आठव्या दिवशी त्यांच्या घरची माणसं दुरुस्तीला हजर झाली: चाळीस पाथरवट, घाटाला पायऱ्या खोदायला.